आधी मंद दिवा

जानेफळ, ता. मेहकर
डिसेंबर १९६९

प्रिय कोकी,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर लगेच लिहिलं नाही, कारण मी तुझ्या बाबांवर इतकी चिडले होते की कागदावर काय उतरलं असतं ते सांगता येत नाही. आजही चिडलेलीच आहे, पण निदान अक्षर सरळ येतंय. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, राग आला की मनगटं थंड पाण्याखाली धरा. या आठवड्यात मी इतक्या वेळा मनगटं धुतली की भांडेवाली विचारते, बाई, हाताला काही लागलं का. तू जानेवारीपासून शस्त्रक्रियेला उभी राहणार, तुझ्या मोठ्या डॉक्टरांनी आपण होऊन तुला निवडलं, हे वाचलं. बाबांच्या डोळ्यांची तपासणी झाल्यावर तू त्याच यंत्रावर स्वतःचीही करून घेतलीस, लाट चांगली आली, काळजी करू नकोस, हेही वाचलं. पण आधी इथलं सांगते, ते डोक्यातून जात नाही.

बाबांनी जीप कापसाच्या गंजीत घातली. रस्त्यात नाही, नाल्यात नाही, परक्या कुणाच्या शेताच्या धुऱ्यावर नाही. आपल्या अंगणात, जिथे ती गंजी दरवर्षी याच दिवसांत याच जागी असते. खामगावला कापसाचा भाव पाहून ते परत येत होते. सूर्य नुकताच बुडाला होता आणि मला अजून सुई ओवता आली असती इतका उजेड अंगणात होता. बत्तीवाल्या रहेमतुल्लाची आई इमामबी या दिवसांत गंजीला टेकून किडका, डागी असा कवडी कापूस वेगळा काढत बसलेली असते, तुला ठाऊक आहे. ती पाणी प्यायला म्हणून उठून रांजणाशी गेली आणि जीप आत आली. इमामबी बसली होती ती जागा चाकाखाली गेली, तिची टोपली चेपून भाकरीएवढी झाली. कापूस असल्यामुळे धड आवाजसुद्धा झाला नाही. त्या पांढऱ्या ढिगातून तुझ्या बाबांचा आवाज तेवढा आला, "इथं कोनं ठेवला बे हा कापूस?"

कोकी, एरवी मी या वाक्यावर वर्षभर हसले असते. मला हसू आलं नाही. इमामबी हातात पाण्याचा पेला घेऊन रांजणाशी उभी होती.

आणि जीपला दिवे नव्हते असं नाही. चार होते. हे चार दिवे कुठून आले ते आता ऐक, कारण त्यात तुझ्या यंत्राचाही हात आहे.

तुझ्याकडे डोळे तपासून मुंबईहून निघालो तेव्हाच मला शंका यायला हवी होती. गाडीत तुझे बाबा समोरच्या बाकावरच्या माणसाला सांगत होते, "माह्या डोयात वीज हाये. पोरीनं मोजली." जलंबला गाडी बदलली तेव्हा खामगावच्या डब्यातल्या लोकांना सांगितलं. घरी आल्यावर तर दरबारच भरला. गोष्ट एकच: बारक्या दिव्यानं तपासलं तेव्हा कागदावर काही उमटलं नाही, मोठ्या दिव्यानं तपासलं तेव्हा लाट उठली. मग दोष कुणाचा? दिव्याचा. "डोये चांगले हायेत, उजेडच मरतुकडा हाये." मोठ्या दवाखान्यात, डॉक्टर झालेल्या लेकीनं, कागदावर काढून दाखवलेलं. कोण काय बोलणार. ऐकणाऱ्यांतले निम्मे माना हलवत घरी गेले आणि उरलेल्यांनी आपापल्या म्हाताऱ्यांना मोठे दिवे घेऊन दिले असतील.

मग आमच्या घरातले बल्ब बदलले. चाळीसचे गेले, शंभरचे आले, शंभरचे गेले, दोनशेचे आले. स्वयंपाकघरात असा उजेड पडला की पालीसुद्धा गोठ्यात राहायला गेल्या. मी भाकरी थापायला बसले की परातीवरून उजेड डोळ्यांत उसळतो, म्हणून मी भाकरीकडे पाठ करून बसते असं समज. एवढ्यानेही भागेना तेव्हा बाबांनी विजेच्या दाबावर ठपका ठेवला. वायरमन पुंजाजीला बोलावलं. त्याने मीटर लावून पाहिला आणि म्हणाला, "वामनराव, दाब बराबर हाये. याच्याहून जास्त देल्ला तं बल्ब फुटीन." यांनी त्याला चहा पाजला आणि मागून म्हणाले, मीटर बिघडलेला दिसतो.

घराबाहेरचा बंदोबस्त रहेमतुल्लाकडे. लग्नांना गॅसबत्त्या भाड्याने देणारा या गावात तो एकच, आणि बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त. संध्याकाळी देवळापर्यंत जायचं तरी पुढे त्याची बत्ती डोक्यावर घेतलेला माणूस, मागे हे. रहेमतुल्ला दुकानाच्या फळीवरून ओरडायचा, "भाऊ, तुमची रोजच वरात निघून राह्यली. एखाद दिवस नवरी तं दाखवा." हे म्हणायचे, "नवरी रुसून बसली बे घरात." मी खरंच रुसून बसले होते. शेवटी जीपच्या बॉनेटवर दोन जादा दिवे बसवायचे ठरले. रहेमतुल्लाने टाळाटाळ केली, तारा नाहीत म्हणाला, बॅटरी पुरणार नाही म्हणाला. पण बाबांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की समोरच्याला नाही म्हणायची लाज वाटते, हा त्यांचा गुण म्हण नाहीतर अवगुण. दिवे बसले. आणि ज्या माणसाने जन्मभर दिवेलागणीनंतर गावाची वेस ओलांडली नाही तो सूर्य बुडताना खामगावहून जीप हाकत येऊ लागला.

तुला आपल्या घराचा नेम नीट माहीत नाही, कारण तू शाळेसाठी बाहेर गेलीस तोवर तो सुटत आला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा तो कडक होता. या घरातले पुरुष उजेड असतानाच जेवत आणि दिवा लागल्यावर बाहेर पडत नसत. कुणा पूर्वजाला तिन्हीसांजेला देवीने दर्शन दिलं, त्याने वचन दिलं, अशी कथा होती. लग्नाचा मुहूर्त नेहमी सकाळचा. गावात लोक एकमेकांना बजावत, "सांजच्याले तिकडं जाऊ नोको, नेमाचं घर हाये." मला तर फार आवडलं होतं ते. माझे वडील रेल्वेत, आज या स्टेशनावर तर उद्या त्या, म्हणून मी नागपूरला सिस्टरांच्या हाताखाली वाढले. तिथे संध्याकाळची घंटा झाली की सगळ्या सिस्टर एका ओळीत, हातात मेणबत्ती घेऊन, अगदी सावकाश चालत जेवणघराकडे जायच्या. इथे पाहिलं तर नवराही तसाच, सूर्य असतानाच पाय धुऊन पाटावर बसलेला, सावकाश, शांत. वाटलं, देवाने एका शिस्तीतून उचलून दुसऱ्या शिस्तीत ठेवलं.

संध्याकाळी आम्ही मागच्या परसात जायचो तेव्हा ते माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. त्या काळात कुणाचा नवरा असा हात ठेवतो? मी जावांसमोर लाजायचे आणि मनात मिरवायचे. वर्षभराने तुझ्या आजीने, झुंबरबाईंनी, मला जात्याशी बसवून सांगितलं, "पोरी, देव नाही का धरम नाही. यायच्या घरात मानसाले सांजच्याले दिसत नाही. माह्या सासऱ्याले नव्हतं दिसत, मालकाले नाही, पोराले नाही. नेम म्हटलं का कोनी इचारत नाही." त्या दळत राहिल्या आणि मी पीठ भरत राहिले. तो हात प्रेमाने होता की उंबरठ्यासाठी, हे मी कधी विचारलं नाही. दोन्हीसाठी असेल. पण एक सांगते, त्या खोट्या नेमाने या घरातली माणसं वाचवली. कुणी विहिरीत पडलं नाही, कुणी गाडीखाली आलं नाही. खोट्याचीही कधीकधी बऱ्यापैकी भिंत होते.

मग गावात वीज आली. कंदिलाच्या उजेडात बाबांना अगदी जवळ आल्याशिवाय चेहरा ओळखू येत नसे. पहिला बल्ब लागला त्या संध्याकाळी ते खोलीच्या दारात उभे राहिले, माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तू सांजच्याले अशी दिसते?" मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली बाई. तोंडावर पदर घेऊन आत पळाले. म्हणजे त्यांचं उजेडाचं वेड मला कळत नाही असं नाही. चांगलंच कळतं, म्हणूनच जास्त चीड येते.

नेम फक्त पुरुषांना होता. बायकांना नाही, कारण बाईमाणसाला संध्याकाळी जायचं कुठे होतं? चुलीपुढे. चुलीला जाळ असतो. त्यामुळे या घरातल्या मुलींना दिसतं की नाही हे पिढ्यान्‌पिढ्या कुणी पाहिलंच नाही. तुझी भिमाआत्या संग्रामपूरला दिली, तिथे तिला जन्मभर धडपडी भिमा म्हणाले. दुधाची चरवी घेऊन पायरीवर पडली, लग्नघरात पाहुण्यांच्या पायांवरून चालली, सासूने डागण्या द्यायच्या बाकी ठेवल्या. आम्हीही हसायचो. आता म्हातारपणी तिला दिवसाही धूसर दिसतं तेव्हा म्हणते कशी, "वहिनी, आता मी पडत नाही. आता मी जातच नाही कुठं." तिचा डोळा कुणी तपासला नाही. तिला नावं ठेवली की काम भागत होतं.

आता तुझ्या त्या काळ्या खोलीबद्दल. मला आत बसू दिलंस म्हणून बरं झालं. अर्धा तास अंधारात बसवलंस, मग बाबांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालून ती वाटीसारखी काच बसवलीस, तिची तार यंत्राला जोडलीस. तुझा आवाज तेवढा येत होता, आणि तो इतका मोठ्या माणसाचा आवाज होता की मला माझ्याच मुलीला अहो म्हणावंसं वाटलं. दिव्यासमोर तू काळसर काचा लावल्या होत्यास. सगळ्यात काळी काच आधी, म्हणजे चमक अगदी मंद. मग ती काढून जरा फिकी. शेवटी काच नाहीच, नुसता प्रखर दिवा. मी विचारलं, उलट का नाही करत? तू सांगितलंस, प्रखर चमक आधी दिली तर डोळा दिपून जातो, मग मंद चमकेला तो काय उत्तर देणार होता ते कळतच नाही. डोळ्यात रात्रीच्या पेशी वेगळ्या आणि दिवसाच्या वेगळ्या. मंद चमकेला फक्त रात्रीच्या उत्तर देतात. प्रखर चमक आली की दिवसाच्याही धावून येतात, लाट मोठी होते, आणि त्या गर्दीत रात्रीच्या हजर आहेत की नाहीत ते झाकलं जातं. म्हणून नुसत्या प्रखर दिव्याने तपासलं तर अर्धीच गोष्ट कळते. हे सगळं तू मला एका दमात सांगितलंस, आणि मी शाळेत विज्ञानाच्या तासाला ऐकायचे तसं ऐकलं. बघ, पाठ आहे.

मंद चमकेला तुझी ती लेखणी कागदावर सरळ चालत राहिली, जणू खुर्चीत कुणी बसलेलंच नाही. मी बाबांचा हात धरला होता, त्यांना काही कळत नव्हतं. प्रखर चमकेला मात्र छोटीशी लाट उठली. नंतर तू सगळ्या पट्ट्या खिडकीपाशी नेऊन त्यांना एकेक दाखवलीस. त्यांनी शेवटची धरून ठेवली आणि बाकीच्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. मग त्यांनी तुला विचारलं होतं, आठवतं? "बाईमानसालेही होते का हे?" तू तार गुंडाळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, होऊ शकतं. मला वाटलं, भिमाआत्याचं विचारतायत. एवढ्या वर्षांनी बहिणीची आठवण झाली म्हणून मला तेव्हा बरंही वाटलं.

मी वर्षानुवर्षं मागे लागले होते, मुंबईला चला, डोळे दाखवा. कधी कापूस असायचा, कधी गहू, कधी कुणाची सोयरीक. आणि या दिवाळीनंतर आपण होऊन म्हणाले, जाऊ पोरीकडं. मी इतकी खूश झाले की कारण विचारायचंही सुचलं नाही.

त्या गंजीच्या संध्याकाळी रहेमतुल्ला आईला न्यायला आला. त्याने चेपलेल्या टोपलीकडे पाहिलं. टोपली उचलून काखेत धरली, आईचा हात धरला आणि गेला. बाबा ओट्यावर बसून होते, अंगावर कापूस तसाच. दुसऱ्या दिवशी सकाळी रहेमतुल्ला पाना घेऊन आला. म्हणाला, "भाऊ, हे दोन दिवे म्या लावले व्हते. मीच काढून नेतो." बाबा म्हणाले, "ने." तो बॉनेटशी वाकून काम करत राहिला आणि हे त्याच्या शेजारी उभे राहून एकेक स्क्रू तळहातावर घेत राहिले. दिवे निघाल्यावर यांनी जीपची किल्ली त्याच्या खिशात टाकली. त्याने ती ठेवून घेतली.

तो गेल्यावर मी तोंड सोडलं. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं. म्हटलं, पोरीने तुम्हाला सगळ्या पट्ट्या दाखवल्या, तुम्हाला एकच दिसली. इमामबीला तहान लागली म्हणून ती जिवंत आहे. तुम्हाला आंधळं म्हणवून घ्यायची लाज वाटते, खुनी म्हणवून घ्यायची वाटली नसती का? फार बोलले. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईने बोलू नये असं बोलले. ते मग म्हणाले, "माह्यं मले मालूम हाये, अन्नपूर्णा. माह्यं काऊन सांगून राह्यली मले?" मी म्हटलं, मग कुणाचं सांगू? तेव्हा त्यांनी दिवाळीच्या संध्याकाळचं काढलं.

तुलाही ती संध्याकाळ आठवत असेल. बाबांनी बल्बांच्या इतक्या माळा लावल्या होत्या की आपल्या घरचा फ्यूज गेला. तू फराळाचं ताट घेऊन माजघरातून येत होतीस. सगळे हसले, मुलं ओरडली, मी कंदील आणायला उठले. आधी काळोख वाटला, पण शेजारच्या पणत्यांचा उजेड अंगणातून येत होता, थोड्या वेळाने माणसांचे आकार दिसायला लागले, मग चेहरेही. जो तो उठून चालायला लागला. तू ताट धरून जिथल्या तिथे उभी होतीस. हसत म्हणालीस, मी नाही बाई हलत, कुणाचा तरी धक्का लागेल. दुसऱ्या कोपऱ्यात बाबाही तसेच उभे होते, तसेच हसत. मी कंदील पेटवून आणला तोवर तुम्ही दोघं हलला नव्हतात. माझी नजर तुझ्यावरून त्यांच्यावर गेली आणि मी ती काढून घेतली. म्हटलं, हातात ताट आहे, म्हणून उभी आहे.

बाबा म्हणाले, "तुमी सारे चालून राह्यले व्हते. तिच्या पैंजनाचा आवाज थांबला तो थांबलाच. मले दिसलं नाही, मले आयकू आलं. आंधाऱ्यात मी असाच थांबतो." मग म्हणाले, "मोठ्या दिव्यानं जमते म्हने. मंग म्हटलं, माह्यावर पाहू करून. माह्यं जमलं तं तिचंही जमंन. गावभर दिवे लावू तिच्यासाठी, त्यात काय." हे दोनशेचे बल्ब, पुंजाजीचा मीटर, बत्तीची वरात, जीपचे चार दिवे, हे सगळं त्यांचं तुझ्यासाठी चाललं होतं, कोकी. मी ज्याला हट्ट म्हणत होते तो त्यांचा प्रयोग होता. आणि तो इमामबीच्या टोपलीवर संपला. मी त्यांच्यावर रागावू कशी आणि न रागावू तरी कशी? मनगटं धुवायला गेले तर पाण्याखाली हात तसाच राहिला.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. तू लिहिलंस, लाट चांगली आली. कोणत्या दिव्याने, ते लिहिलं नाहीस. तू खोटं लिहिणारी मुलगी नाहीस, म्हणूनच जेवढं खरं तेवढंच लिहिलंस. बाबांची तपासणी करताना तू कधी सगळ्यात काळ्या काचेवाचून सुरुवात केली असतीस का? त्या खोलीत सगळेच चाचपडतात, तिथे कुणाचं लक्ष तुझ्याकडे जात नाही. पण मी तीस वर्षं एका अशाच माणसाबरोबर संध्याकाळी चालले आहे, माझ्यापासून ते लपवायला तू उशीर केलास. तू म्हणशील, शस्त्रक्रियेच्या टेबलावर भरपूर उजेड असतो, तिथे मला सगळं दिसतं. जीपलाही चार दिवे होते. इमामबी तहान लागली म्हणून उठून गेली, तुझ्या टेबलावरचा माणूस उठून जाणार नाही. यावर औषध नाही हे मला ठाऊक आहे, तूच सांगितलंस. तुझं शस्त्रक्रियेचं काय होईल ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव आणणार नाही. कदाचित आमची शंकाच असेल, तसं निघालं तर मी तुझ्या बाबांना आयुष्यभर टोचत राहीन. पण या घरातल्या पुरुषांना निदान नेम तरी होता. मुलींना नावं ठेवण्यापलीकडे आम्ही काही दिलं नाही, आणि तुला कुणी धडपडी म्हणावं यासाठी मी तुला शिकवलं नाही. येत्या सोमवारी आम्ही दोघं निघतो. रहेमतुल्ला जीपने खामगावपर्यंत सोडणार आहे, उन्हं असताना. तू यंत्राला हात लावू नकोस, दिवा दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांग, आणि सगळ्यात काळी काच आधी. सुरुवातीचा अर्धा तास अंधारात बसावं लागतं ना, तेवढा वेळ बाबा तुझ्या एका बाजूला असतील आणि मी दुसऱ्या. बोलायचं असेल तर बोलू. नसेल तर नुसतं बसू.

तुझीच,
अंधारात शेजारी बसायला निघालेली,
आई